मी पाणी मागितलंच नव्हतं

पाण्याशिवाय कोळसा निवडणारी चाळण आहे मी, आणि आज जे बोलणार ते रागानंच बोलणार आहे.

माझं काम साधं. तिरकी उभी राहून मी थरथरते, भोकाभोकांतून वारा फुंकते. हलका कोळसा वर तरंगत एका कडेनं उतरतो, जड दगड तळाला बसून दुसऱ्या टोकाला जातो. बायका सुपानं पाखडतात तसंच. अट एकच, कोळसा कोरडा हवा.

दक्षिण आफ्रिकेतल्या एमालाहलेनी गावाजवळच्या या खाणीवर मी आले, तेव्हा कोळसा धुण्याचा जुना कारखाना बंद झाला. तो सगळी विहीर पिऊन टाकायचा. तो थांबला आणि खालच्या वस्तीतल्या नळाला पाणी आलं. खाणीत झाडलोट करणारी नोमालांगा त्याच वस्तीतली. सगळे तिला गोगो, म्हणजे आजी म्हणत. येता-जाता ती माझ्यावर हात ठेवायची, "गुणाची गं माझी बाय" म्हणायची.

मग मला बघायला बडे पाहुणे यायचे ठरले. व्यवस्थापक फूरीसाहेबांनी गोगोला एवढंच बजावलं की धूळ दिसता कामा नये. कोळसा भिजवू नकोस, हे सांगताना त्यांची जीभ झिजली असती का? पाहुणे यायचे म्हणजे अंगण झाडून पाणी शिंपडायचं, ही तिच्या घरची रीत. तिनं अंगण शिंपडलं आणि त्याच नळीनं कोळशाचा ढीगही भिजवला. अगदी मायेनं.

ओला चुरा चिखल होऊन माझ्या भोकांत बसला. वारा कोंडला. पाहुण्यांदेखत मी कोळशाबरोबर दगडही सोडून दिले.

"भंगार आहे हे. धुण्याचा कारखाना परत सुरू करू," फूरीसाहेब म्हणाले. त्यांनी मूठभर कोळसा उचलला असता तरी तळवा ओला झाला असता. पण हात काळे कोण करणार?

आता माझ्यावर ताडपत्री आहे. तिकडे कारखाना धडधडतोय, इकडे वस्तीतला नळ कोरडा पडलाय. काल गोगो रिकामी बादली घेऊन आली, ताडपत्रीचं टोक उचलून माझ्याकडे बघत राहिली.

"दगा दिलास ना," ती म्हणाली. "माझ्या नातवंडांचं पाणी गेलं तुझ्यापायी."

जिनं जन्मात पाण्याचा थेंब मागितला नाही, तिला हे ऐकावं लागलं. फार लागलं मला ते.

कुणीतरी मला एकदा कोरडा कोळसा घालून बघा हो. आणि त्या ओल्या ढिगाचं गोगोला सांगायचंच असेल, तर चूक कुणाची म्हणून आधी फूरीसाहेबांचं नाव सांगा.