गुनवोरबाईंचं आजारपण

आयविन वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या सुरुवातीला, समुद्रकाठच्या गावी आईकडे यायचा. येऊन करायचा काय, तर झोपायचा आणि खेकडे खायचा. ऑस्लोत आपण फार राबतो, अशी त्याची स्वतःबद्दल समजूत होती.

त्या शनिवारी धक्क्यावर गावाचं श्रमदान होतं. वादळं सुरू व्हायच्या आत होड्यांच्या शेडला रंग द्यायचा, कुजक्या फळ्या बदलायच्या. असल्या कामाला घरोघर बोलावणं नसतं. पत्रपेटीत चिठ्ठी पडते आणि माणसं येतात. न आलेल्याला कुणी बोल लावत नाही, फक्त पुढची दहा वर्षं लक्षात ठेवतात.

दहा वाजता शेजारच्या ओद्वारचा फोन आला. "अरे आयविन, उठलास का राजा? ये लवकर. ब्रश नसला तर माझ्याकडे जास्तीचा आहे."

आयविन अंथरुणातच होता. आई माडीवर झोपली असेल असं धरून तो बोलून गेला, "आईला बरं नाहीये हो. चक्कर येतेय तिला. एकटीला टाकून कसा येऊ?"

"अरे बापरे! मग तू तिथून हलू नकोस."

आयविनने पांघरूण डोक्यावर ओढलं. थाप पचली म्हणून त्याला थोडं हसूही आलं.

अर्ध्या तासाने दार वाजलं. उघडतो तर समोर आई! एका बाजूने गावातल्या नर्सने, सिगरूनने, धरलेली. दुसऱ्या बाजूने ओद्वारने. त्याच्या मोकळ्या हातात वाफलच्या, म्हणजे जाळीदार गोड धिरड्यांच्या, पिठाचं पातेलं. आयविनची आई, ब्याऐंशी वर्षांच्या गुनवोरबाई, सकाळीच सगळ्यांसाठी पीठ भिजवून मागच्या दाराने मैत्रिणीकडे गेल्या होत्या आणि तिथून धक्क्यावर. पन्नास वर्षांत त्यांचं एकही श्रमदान चुकलं नव्हतं.

"बघ तुझी आई, तुझा डोळा चुकवून पळाली!" सिगरून म्हणाली. "चक्कर येतेय आणि बाई निघाल्या वाफल भाजायला. आम्ही विचारलं तेव्हा कुठे कबूल केलं."

आयविनने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"चुकलंच गं माझं," ती म्हणाली. "त्याने बजावलं होतं मला."

आयविनची कानशिलं तापली. आयुष्यात आईला खोटं बोलताना त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि ते त्याच्यासाठी होतं.

त्यांनी तिला झोपवलं, नाडी पाहिली. जाताना ओद्वारने आयविनच्या पाठीवर रंगाचा हात ठेवला. "बस तिच्यापाशी. असा मुलगा मिळायला नशीब लागतं रे."

आयविनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोघं गेल्यावर तो खाटेशी आला. धक्क्यावरचा हातोड्यांचा आणि हसण्याचा आवाज खोलीपर्यंत येत होता. आई उशीला टेकून तिकडेच बघत होती.

"आई, मी जातो आणि सगळ्यांना खरं सांगतो."

"काही नको. तू परवा जाशील. मला इथेच राहायचंय, पण खोटारड्याची आई म्हणून नाही."

"मग मी काय करू?"

"पडदा ओढ," आई म्हणाली. "आजारी माणूस असं खिडकीतून बघत बसत नाही."

आयविनने पडदा ओढला. आईने भिंतीकडे तोंड केलं.