सोळाव्या दिवशी

चुडामणने बशीतला चहा तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. सुपडूनानांनी त्याच्या मुलाला, भटूला, सरळच विचारलं होतं.

"मंग भाऊ, आमले गॅस कव्हय भेटी?"

आता आली का पंचाईत! सोयरीक जुळवणाऱ्या उखर्डूने भडगावात नानांना एवढंच सांगितलं होतं, की साक्रीकडचा मुलगा गॅसमध्ये आहे. सिलिंडरसाठी नंबर लावून सहा-सहा वर्षं वाट बघायचे ते दिवस. नानांनी मनातल्या मनात शेगडी मांडूनसुद्धा टाकली असणार. त्यांच्या बायकोला, तानुबाईंना, चुलीच्या धुराने खोकला जडला होता. आताही तो आतून ऐकू येत होता. वाटेत उखर्डूने चुडामणला बजावलं होतं, "आबा, तुम्ही नुसतं हूं म्हना."

चुडामणला हूं म्हणायचाही धीर होईना. भटू तिशीला आला होता. पोरगा दूर राहतो म्हणून तीन स्थळं मोडली होती, हे चौथं. आणि तो नक्की काय करतो, हे खुद्द बापालाच उमजत नव्हतं. गुजरातेत समुद्राकाठी मोठमोठ्या टाक्या बांधायच्या कामावर वेल्डर आहे, एवढं खरं. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र अजून चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्याच जळत होत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"नाना, तो गॅस चुलीचा नाही," भटू म्हणाला. पाहुण्यांत तो जरा पुस्तकी बोलायचा. "परदेशात गॅस इतका गार करतात, की त्याचं पाणी होतं. ते जहाजाने येणार. आमच्या टाक्यांत साठवायचं, ऊब देऊन परत गॅस करायचा आणि नळातून कारखान्यांना द्यायचा. विजेच्या, खताच्या."

"खतले? म्हनजे युरियाले?"

"हो."

"अन् चूलले?"

"चुलीला नाही."

हे सगळं तिसऱ्यांदा ऐकूनही चुडामणच्या डोक्यात शिरलं नाही. बर्फाहून गार वस्तू, आणि तिच्यावर वीज? त्याहून कळेना ते हे, की पोराला हूं म्हणायला काय झालं होतं. त्याला रागही आला, आणि कुठेतरी बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, देव जाणे.

नाना अंगणात रचलेल्या पऱ्हाट्यांकडे बघत राहिले. चुडामणने बशी खाली ठेवली, उठता उठता टोपी शोधली. ती डोक्यावरच होती.

तेवढ्यात दाराशी बसलेली लता बोलली. नानांची ही मुलगी, जिला बघायला हे आले होते ती.

"आपल्या देशात गॅस निघतो ना? मग परक्यांचा कशाला?"

"आपला पुरत नाही," भटू म्हणाला. "आणि जहाज कुठूनही मागवता येतं. एका देशाने नाही म्हटलं, तर दुसरा."

"कोणाचंच आलं नाही तर?"

"टाक्यांत पंधरा दिवसांचं असेल."

"आणि सोळाव्या दिवशी?"

भटूने मान खाली घातली.

"ते मला नाही माहीत."

नानांनी उसासा टाकला आणि आत बघून बायकोला म्हणाले, "आयकं का वं? तुना गॅस काही येस नही."

आतून फुंकणीचा आवाज आला, मग खोकल्याची उबळ. ती ओसरल्यावर तानुबाई म्हणाल्या, "नही तं नही. त्यासले सांगा, सोळावा दिन सासरवाडीन्या पऱ्हाट्या शेतस."

लता उठून लगबगीने आत गेली. उखर्डू मोठ्याने हसला. नानांनी पानाचं तबक पुढे सरकवलं.

चुडामण अर्धवट उठलेला तसाच होता. सासरवाडीच्या पऱ्हाट्या आहेत, म्हणजे सासरवाडी कोणाची, हे उमजायला त्याला जरा वेळच लागला. मग तो खाली बसला आणि गार झालेला चहा त्याने एका घोटात पिऊन टाकला.