गाडी वाळेपर्यंत

उमरग्यात त्या काळी मोटारी होत्याच किती? निजामाचं राज्य जाऊन नुकती कुठं घडी बसत होती. सोलापूर-हैदराबाद सडकेवर मालाच्या ट्रका धावायला लागल्या होत्या, पण घरची म्हणावी अशी मोटार एकच, हिंमतराव देशमुखांची. काळीभोर, लांबोडक्या नाकाची. आणि तीही हिंमतरावांची फक्त नावाला. खरी मोटार फकरुद्दीन ड्रायव्हरची. तिला हात लावायचा तो त्यानं, शिव्या द्यायच्या त्याही त्यानंच. दुसऱ्या कुणी नुसतं टेकून उभं राहायची सोय नव्हती. काय थाट होता, काय सांगू! मोटार वेशीतनं आत आली की लोक आधी फकरुद्दीनला सलाम करायचे आणि मग मागं बसलेल्या मालकाला.

तर ह्या फकरुद्दीनच्या एकुलत्या एका पोरीचं, बिस्मिल्लाबीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा नळदुर्गच्या दवाखान्यात कंपाउंडर. हिंमतरावांनी आपण होऊन सांगितलं, "फकरू, पोर आमच्या मोटारीतनं सासरी जाईल. त्या दिवशी मोटार तुझी." फकरुद्दीनला हे ऐकून भरूनच आलं. मोटार चालवणारा गावात दुसरा कुणी नव्हता, म्हणजे पोरीला सासरी पोचवायचं कामही त्याच्याच हाती आलं. पण हे त्याच्या ध्यानात आलं ते लग्नाच्या दिवशी.

सकाळी निकाह लागला. जेवणाच्या पंगती उठल्या. फकरुद्दीनचा जिवाभावाचा दोस्त ज्ञानोबा, शेतकरी गडी, बिस्मिल्लाला त्यानं लहानपणी खांद्यावर घेऊन उरूस दाखवलेला. तो म्हणाला, "तू आज पाव्हण्यांचं बघ. मोटार धुवायचं माझ्याकडं लागलं."

आता ज्ञानोबानं उभ्या जन्मात धुतली होती ती बैलं. पोळ्याला धुवावी तशी त्यानं मोटार धुतली. विहिरीजवळ उभ्या मोटारीची चाकं काथ्यानं घासली, पाठ चोळली, खाली लोळण घेऊन पोट धुतलं. एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण बैलाचं तोंड धुवायचं राहिलं तर कसं चालेल? त्यानं पुढचं झाकण उचललं आणि दोन भरल्या घागरी आत सोडल्या.

रुखसतीची, म्हणजे पोरीच्या पाठवणीची वेळ झाली. नवरदेवाचे चाचा येऊन म्हणाले, "भाईजान, निघू या का? दिवस कलायच्या आत नळदुर्ग गाठू." फकरुद्दीननं पुढं लोखंडी हँडल घातलं आणि फिरवलं. मोटार खोकलीसुद्धा नाही. पुन्हा फिरवलं. ढिम्म. झाकण उचलून बघतो तर आत पाणीच पाणी.

"ज्ञानोबा, अरे हे काय करून ठिवलंस?"

"आत लई घाण हुती, गड्या. समदं तेलकट," ज्ञानोबा मोठ्या अभिमानानं म्हणाला.

मांडवातली माणसं दोन पावलं मागं सरली. फकरुद्दीनचा संताप सगळ्या गावाला ठाऊक. मागं एका पाव्हण्यानं मोटारीच्या टपावर पानाची थुंकी उडवली तेव्हा त्याला पार चौकापर्यंत पळवला होता. पण आज फकरुद्दीन चिडला नाही की ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "भिजलीया. वाळवावी लागंल. वारा पायजे."

वारा म्हटल्यावर गाव कामाला लागलं. त्या दिवसांची हीच मजा होती, एकाच्या घरचं अडलं की पेठेभर सगळे धोतरं खोचायचे.

आधी वीरभद्र लोहार आपला भाता चौघांकडनं उचलवून घेऊन आला. दोघांना उचलेना असला दांडगा. दांडा दाबल्याबरोबर फाऽस करून वारा सुटला, आणि त्याबरोबर भट्टीतली काळी राखही.

"थांबव, थांबव!" फकरुद्दीन ओरडला. "राख जाईल इंजनात. न्हाय चालायचा."

मग कल्याणप्पांच्या अडतीवरनं धान्य उफणायचा लाकडी पंखा बैलगाडीत घालून आणला. चार माणसांनी उतरवला. ज्ञानोबानं त्याची मूठ गरागरा फिरवली तसा असा वारा सुटला की मांडवाची झालर उडाली. नवरदेवाच्या चाचांची टोपी गेली. मोटारीच्या अंगावरचं पाणी बघता बघता उडायला लागलं. "बगा, अर्ध्या घटकेत खडखडीत!" ज्ञानोबा खूश.

"भुसा उडतोय," फकरुद्दीन म्हणाला.

"कुठं उडतोय?"

"मला दिसतोय ना! एक काडी जरी आत गेली तर मोटार वाटंत बसंल. पोरगी हाय आत. न्हाय चालायचा."

शेवटी कल्हईवाला रसूल आला. त्याचा भाता म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, दोन काड्या लावलेली. तिच्यातनं वारा यायचा तो पोरानं दिवा विझवावा एवढाच. चारदोन माणसं हसली. पण फकरुद्दीननं ती पिशवी हातात घेतली, दाबून बघितली, स्वतःच्या गालाला वारा लावून बघितला आणि म्हणाला, "हा बेस हाय. बारीक वारा, स्वच्छ. ह्यानंच वाळवायची."

"अरं, ह्यानं वाळायला दिवाळी येईल!" वीरभद्र म्हणाला.

"येऊ दे," फकरुद्दीन म्हणाला आणि झाकणाखाली वाकला.

फुस्स. फुस्स. तो पिशवी दाबत राहिला. आतल्या खोलीत बायका बिस्मिल्लाला घेऊन बसल्या होत्या. मधूनच तिचं हसू ऐकू यायचं, मग कुणीतरी गाणं धरायचं, मग पुन्हा हसू. फकरुद्दीनचा हात थबकायचा. ते हसू विरलं की पुन्हा फुस्स. चाचांनी दोनदा आकाशाकडं बघितलं. भला माणूस, पुन्हा मांडवात जाऊन बसला.

तेवढ्यात फकरुद्दीनची बायको हुसेनबी पदर सावरत बाहेर आली. तिनं राखेचा भाता बघितला, भुशाचा पंखा बघितला, आणि नवऱ्याच्या हातातली ती पिशवी बघितली. ती त्याच्याजवळ गेली आणि फक्त त्यालाच ऐकू येईल असं बोलली.

"मागं पावसात पुलावर मोटार भिजून बंद पडली हुती. तवा सदऱ्याच्या टोकानं तारा पुसून पाच मिंटात चालू केली म्हणून तुमीच सांगितलं हुतं की न्हाय?"

फकरुद्दीन वर बघेना.

"तुमाला मोटार वाळवायचीच न्हाय," हुसेनबी म्हणाली. "व्हय ना?"

त्यानं मान हलवली. व्हय म्हणून. पिशवी खाली ठेवली आणि तिथंच चाकाशी उकिडवा बसला. एवढा धिप्पाड गडी, पण चाकाएवढाच दिसायला लागला. "ती चालू झाली की पोर जाती, हुसेना," तो म्हणाला. "आन न्ह्यायची मीच. कोणत्या बापाला असलं काम लागलंय?"

हुसेनबीचेही डोळे वाहत होते, पण तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हणे ताटकळल्यात. उटा आता," म्हणाली. "पोर न्हाय गेली तरी आपल्याला रडूच येणार हाय."

फकरुद्दीन उठला. लग्नासाठी शिवलेल्या नव्या सदऱ्याचं टोक धरून त्यानं एकेक तार पुसली. हँडल घातलं, एकदाच फिरवलं. मोटार घरघरून जिवंत झाली. सगळा मांडव "हां!" म्हणून ओरडला. ज्ञानोबानं तर टाळी वाजवली आणि लगेच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला.

बिस्मिल्ला सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि मागच्या गादीवर बसली, जिथं आजवर फक्त देशमुखांच्या घरची माणसं बसत आली होती. शेजारी नवरदेव, चाचा पुढं. बाकी वऱ्हाड ट्रकमधनं आधीच सुटलं होतं.

मोटार सडकेला लागली. एवढी वर्षं ड्रायव्हरकी केली, पण मागं वळून बघायची फकरुद्दीनला सवय नव्हती. मागं बसल्या बायामाणसांकडं ड्रायव्हरनं बघायचं नसतं. म्हणून तो समोरच बघत राहिला. चाचांना उशीर झालेला, म्हणून त्यानं मोटार चांगली दामटली. दोन्ही बाजूंची कडुलिंबं भराभरा मागं पडायला लागली.

थोड्या वेळानं मागनं रडून बसलेला, ओळखीचा आवाज आला.

"अब्बा, जरा हळू चालवा."

फकरुद्दीननं पायाचा दाब सोडला. मोटार इतकी हळू झाली की ज्वारीची पोती भरलेली एक बैलगाडी घंटा वाजवत शेजारनं पुढं निघून गेली. चाचांनी गाडीवानाकडं बघितलं, मग फकरुद्दीनकडं बघितलं आणि खिशातनं तसबीह, जपाची माळ, काढून डोळे मिटून घेतले. नळदुर्गला पोचायला त्यांना चांगलीच रात्र झाली.