मोजता येईल तेच लिहा

मी फळा बोलतोय. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात, वाचनालयाच्या भिंतीवर लटकलोय. मिरजेच्या एका सुताराकडं माझा जन्म झाला, अंगाला हिरवा रंग चढला आणि टेम्पोत बसून इथं आलो. भिंतीला टांगलेल्याला दुसरा उद्योग काय? कोण आलं, कोण गेलं, कोण कुणाशी काय बोललं, सगळं बघायचं. भोचक म्हणा हवं तर.

इथल्या ग्रंथपाल आम्रपाली मॅडम मूळच्या आटपाडीच्या. बाकीचे मला तळहातानं पुसतात, त्या ओल्या फडक्यानं पुसायच्या. यंदा कॉलेजनं त्यांच्यावर नवा कोर्स सोपवला, माहिती साक्षरतेचा. म्हणजे पोरांना माहिती शोधता यावी, खरी-खोटी पारखता यावी. पण शिकवायच्या आधी उद्दिष्टं ठरवावी लागतात म्हणे. कोर्स संपल्यावर पोरांना नेमकं काय जमेल, ते.

रोज दुपारी डबा तसाच उघडा ठेवून मॅडम माझ्यावर लिहायच्या, पुसायच्या. 'विद्यार्थ्याला समजेल' असं लिहिलं, की अभ्यासक्रम समितीचे विष्णुपंत सर मागून म्हणायचे, "मॅडम, समजलं हे कळणार कसं? मोजता येईल तेच लिहा." मग 'समजेल' जायचं आणि 'शोधेल', 'तपासेल', 'संदर्भ देईल' यायचं. सर वाईट नव्हते हो. वरून विचारणा त्यांनाच व्हायची.

अशाच एका दुपारी मॅडमच्या वडिलांचा, केरूअप्पांचा, गावाकडून फोन आला. मॅडमचे हात खडूनं भरलेले, म्हणून फोन टेबलावरच, मोठ्या आवाजात. मग मी काय कान झाकणार?

"अप्पा, बीपीची गोळी घेतली का?"

"सोडली की. फोनमदी आलंय, गोळ्यांनी किडनी जाती. पाल्याचा काढा पितोय. लय ब्येस वाटतंय."

"आवं, पण लिहिलंय कुणी ते?"

"लिवणाऱ्याचं नाव न्हाई. पर पाठवलंय आपल्या ज्योतिबानं. सख्खा पुतण्या मला खोटं सांगंल व्हय?"

"त्यानं नुसतं पुढं ढकललंय, अप्पा!"

"चिडू नगं. तू शिकवतीस न्हवं पोरास्नी? मग मलाबी सांग की, खरं-खोटं वळखायचं कसं?"

तेवढ्यात दारातून सरांनी हाक मारली. समिती जमली होती.

"संध्याकाळी सांगते, अप्पा. मीटिंग आहे. गोळी तेवढी घ्या."

"व्हय, व्हय. जा तू. सायेब लोक खोळंबल्यात."

फोन ठेवून मॅडमनी माझ्यावर एक नवी ओळ लिहिली. 'पाठवणारा आपला असला, तरी लिहिणारा कोण हे विचारेल. घरच्या माणसालाही न दुखावता विचारायला शिकवेल.' समितीनं ती वाचली. सर म्हणाले, "घरात कोण काय बोलतंय, ते आपण मोजणार कसं?" मॅडम भांडल्या, चांगल्याच भांडल्या. पण ती ओळ कागदावर गेली नाही. माझ्यावर तेवढी राहिली.

संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लावता लावता त्यांनी फोन केला. अप्पा विहारात गेलेले, फोन घरात वाजत राहिला. मग कोर्सच्या मंजुरीची धावपळ लागली. "गोळी घेतली का?" म्हटलं की "व्हय" यायचं. लेकीला कामात त्रास नको म्हणून म्हातारा नुसताच 'व्हय' म्हणायचा. आणि एका सकाळी अप्पांना झटका आला. सांगलीला आणता आणता वाटेतच गेले. घरात गोळ्यांची पाकिटं न फोडलेलीच निघाली.

मॅडम कामावर परतल्या, तेव्हा विष्णुपंत सर हळूच येऊन उभे राहिले. "ती ओळ घालू आपण. मोजायचं कसं ते बघू पुढं."

मॅडम माझ्याकडंच बघत होत्या. "सर, माझा पहिला विद्यार्थी आपणहून विचारत होता. आणि मी उद्दिष्टं ठरवायला उठून गेले."

सरांनी ती ओळ आपल्या कागदावर उतरवून घेतली.

आता माझ्यापुढं प्रोजेक्टरचा पांढरा पडदा सोडलाय. कोर्स त्याच्यावर चालतो, मी मागं अंधारात असतो. मॅडमचा आवाज ऐकू येतो, मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो. ओल्या फडक्याचा हात काही माझ्यापर्यंत येत नाही.

माझं काय, आज ना उद्या भंगारात जाईन. तुम्ही मात्र घरी गेलात की आपल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्याचा फोन हिसकावू नका. "हे कुणी लिहिलंय हो?" एवढंच विचारा. आणि त्यानं उलटून काही विचारलं, तर सांगून होईपर्यंत उठू नका.