झेंडा दिसला नाही

अक्षदा सकपाळला शर्यत जिंकायची नव्हती. तिला हृतिक उतेकरच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची होती, तीही चारचौघांसमोर.

पोलादपूरजवळच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत दर श्रावणात जीपची शर्यत होते. चिखल आणि पाऊस हेच तिचं आकर्षण, म्हणून नियम थोडे पण कडक आहेत. एखाद्या वळणावर गाडी अडकली की तिथला माणूस पिवळा झेंडा हलवतो. झेंडा दिसला की वेग कमी करायचा आणि पुढच्या गाडीला ओलांडायचं नाही.

गेल्या वर्षी खालच्या वळणावर झेंडा अक्षदाच्या मोठ्या भावाच्या, चंदूच्या हातात होता. एक जीप उलटली होती. चंदू झेंडा हलवत असतानाच हृतिकने पुढच्या गाडीला बाहेरच्या अंगाने ओलांडलं. जीप घसरली आणि टायरांच्या भिंतीवर आदळली; भिंतीमागे उभा चंदू त्यात सापडला. चंदूचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

चौकशीत हृतिक एवढंच म्हणाला, "पावसात झेंडा दिसला नाही." शर्यतीच्या समितीने ते मानलं. उलट, चंदू नको तिथे उभा होता असा ठपका ठेवला. त्या धडकेनंतरही गाडी पुढे काढून जिंकलेला चषक हृतिककडेच राहिला. त्याने तो गणपतीत मखराशेजारी मांडला.

तेव्हापासून चंदूची महाड ते नाते गाव अशी प्रवासी जीप अक्षदा चालवते. महाडच्या बाजारात दिसली की हृतिक मोठ्याने विचारायचा, "काय गो, चंदूला सांग, पुढल्या टायमाला आंब्यावर चढून झेंडा दाखव!" आजूबाजूचे हसायचे. तीही हसायची.

यंदा तिने जीपच्या मागच्या सीटा काढल्या आणि शर्यतीत नाव दिलं. चंदूने पुन्हा तेच वळण मागून घेतलं. समितीने त्याच जागी, टायरांच्या भिंतीमागे, त्याच्यासाठी खुर्ची ठेवली. अक्षदाने आपल्या मनातलं त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने किल्ली काढून घेतली असती.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता. पुढे ढकलावी का, यावर समितीत वाद झाला. समितीचे प्रमुख जगताप सर, निवृत्त मुख्याध्यापक, शेवटी म्हणाले, "माणसं लांबून आली आहेत. फेऱ्या कमी करू. पण झेंड्याचा नियम मोडला तर बाद, कुणाचीही गय नाही."

शेवटच्या फेरीला हृतिक पुढे होता, अक्षदा त्याच्या मागे. खालच्या वळणावर ओम नावाच्या पोराची जीप आडवी झाली होती. चंदूने झेंडा वर केला. हृतिकने मुकाट्याने वेग कमी केला.

अक्षदाने ओमकडे पाहिलं. तो उतरून बांधावर चढला होता. डावी बाजू मोकळी होती. तिने माणसाच्या चालीने जीप हृतिकच्या पुढे काढली. चंदू खुर्चीतून अर्धा उठून ओरडला. ती थांबली नाही. पहिली आली.

हृतिकने गाडीतून उतरताच तक्रार केली. पत्र्याच्या शेडमध्ये चौकशी बसली. सगळे चालक आणि निम्मे प्रेक्षक आत घुसले. चंदू कुबड्या टेकत दारापर्यंत आला.

"झेंडा होता, तरी ओलांडलंस?" जगताप सरांनी विचारलं.

"पाऊस होता सर," अक्षदा म्हणाली. "झेंडा दिसला नाय."

"ए, खोटं नको बोलू!" हृतिक उसळला. "एकदम क्लियर दिसत होता सर. आंधळ्याला पण दिसेल! आज तर काहीच पाऊस नाही, गेल्या साली याच्या डबल होता, तरी लांबून पिवळा..."

तो थांबला. 

"बोल की," अक्षदा म्हणाली. "लांबून पिवळा काय?"

"तसं नाही सर, मी आजचं बोलतोय."

"आजचं बोललास, तेही सगळ्यांनी ऐकलं. गेल्या सालचंही ऐकलं." ती सरांकडे वळली. "सर, मला दिसला. दिसल्यावरच गाडी काढली. मला बाद करा. आता त्याचं काय करता ते सांगा. त्याचं मानलंत, तर माझंही मानावं लागेल."

मागून कुणीतरी शीळ घातली. समिती बाजूला जाऊन बोलली. निकाल लगेच आला. अक्षदा बाद. गेल्या वर्षीच्या खोट्यापायी हृतिकही बाद आणि त्याला यापुढे शर्यतीला बंदी. गेल्या वर्षीचा चषक परत. चंदूवरचा ठपका रद्द.

"मुद्दाम केलंस तू," हृतिक तिच्याजवळ येऊन म्हणाला.

"वर्षभर तेच ठरवत होते."

"हातचा चषक घालवलास, येडे."

"तुझा गेला ना? मग बास."

बाहेर चंदू तिच्या जीपपाशी उभा होता. ती खूश होऊन पुढे आली. त्याने तिला बोलू दिलं नाही.

"झेंडा माझ्या हातात होता गो. ओम खाली असता तर?"

"नव्हता. बघून घातली मी."

"त्यानंपण बघूनच घातली होती."

"त्याच्यात न् माझ्यात फरक हाय, दादा. मी कुणाचा पाय नाय तोडला."

"आज नाय तोडलास," चंदू म्हणाला. तो वळला आणि चिखलातून कुबड्या उचलत ओमच्या भावाच्या टेम्पोत जाऊन बसला.

अक्षदा शेडकडे वळली. शेडच्या दारात समितीचा एक माणूस छत्री उघडत होता. त्याला उतेकरांच्या घरी जाऊन चषक ताब्यात घ्यायचा होता, पण इतक्या पावसात रिक्षा मिळत नव्हती.

"बसा," अक्षदा म्हणाली. "मी सोडते. घर माझ्या पाहण्यातलं हाय."