राजीखुशीनं चार गुंठे

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या उसाच्या जमिनी बिल्डरांकडे गेल्या, तसा रणजितच्या घरीही पैसा आला आणि आला तसा गेला. बंगला झाला, दोन गाड्या झाल्या, वास्तुशांतीला अख्खं गाव जेवून गेलं. उरले ते आई मथुराबाईच्या नावावरचे चार गुंठे. ते विकायचा विषय निघाला की म्हातारी एकच बोलायची, "मी मेल्यावर काय घालायचा तो गोंधळ घाला. जितेपणी अंगठा न्हाई देणार." वीस वर्षं तिनं भल्याभल्यांना दारातून परत पाठवलं होतं.

आता ती आपलंच दार विसरली होती. उसाला पाणी द्यायचं म्हणून पहाटे निघायची आणि कुठल्यातरी टॉवरच्या पार्किंगमधून वॉचमन तिला आणून सोडायचा. दोनदा गॅस उघडा राहिला. सून शेफालीच्या दंडावर तिच्या चावल्याचा वण होता. "अहो, मी करतेय सगळं, पण मला आता त्यांची भीती वाटते," शेफाली म्हणाली. रणजितला तिचा राग आला नाही, कारण भीती त्यालाही वाटत होती.

कोथरूडला अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र होतं. स्वच्छ, दाराला कुलूप, आणि महिन्याचा खर्च रणजितच्या पगाराहून जास्त. चार गुंठे विकले तरच जमणार होतं. पण त्यासाठी आईनं निबंधकासमोर उभं राहून शुद्धीत 'हो' म्हणायला हवं. तिला समजत नसेल तर कोर्टात जा, पण वेळ लागेल, असं वकील म्हणाले. जमिनीचा एजंट नुसता हसला. "दादा, एक वाक्य पाठ करून घ्या की!"

म्हणजे केंद्रात ठेवायला आई वेडी हवी आणि त्याचे पैसे उभे करायला शहाणी. इकडे आड, तिकडे विहीर. रणजितनं एजंटचं ऐकलं.

तो लहान असताना याच आईनं त्याच्याकडून पाढे पाठ करून घेतले होते. स्वतः निरक्षर, पाढा बरोबर की चूक तिला काय कळणार? न अडखळता म्हटला की हातावर गुळाचा खडा. तसाच खडा घेऊन आता तो रोज तिच्यासमोर बसू लागला.

"आये, साहेबानं इचारलं तर काय म्हणायचं?"

"कुठला साहेब?"

"म्हण, व्हय साहेब, राजीखुशीनं देते."

चुकली की खडा मुठीत. एकदा ती लहान पोरीसारखी रडली, तरी त्यानं मूठ उघडली नाही. त्या दिवशी त्याला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसला.

कचेरीत आईनं काही घोटाळा केला नाही. साहेबांनी विचारलं, "आजी, जमीन स्वखुशीने विकताय ना?"

"व्हय साहेब, राजीखुशीनं देते."

अगदी घडाघडा. अंगठा झाला, फोटो झाला, आणि सगळ्यांदेखत तिनं रणजितपुढे तळहात पसरला. त्यानं खिशातून खडा काढून त्यावर ठेवला. "आजींना गोड आवडतं वाटतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला. रणजितचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला म्हणून त्याला लाजही वाटली.

पुढच्या आठवड्यात तो आईला गाडीत घालून कोथरूडला घेऊन गेला. वाटेत ती खुशीत होती. उसाला पाणी सोडलं का, एवढंच विचारत होती. केंद्राच्या हेमाताई दाराशी आल्या. बाई चांगल्या होत्या. त्यांनी खाली वाकून आईचा हात हातात घेतला.

"आजी, राहाल ना आमच्याकडे? मुलाला घरी जाऊ द्याल ना?"

आईनं रणजितकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत ओळख होती की नव्हती, देव जाणे. मग पाठ ताठ करून ती म्हणाली, "व्हय साहेब, राजीखुशीनं देते."

आणि तिनं हात पुढे केला.

रणजितनं दोन्ही खिसे चाचपले. खरेदीखतावर अंगठा झाल्यापासून त्यानं गूळ आणणंच बंद केलं होतं. आईचा हात तसाच पसरलेला राहिला.