चाळीसवर होतो मी

मित्रांनो, मी एका जुन्या पिकअप गाडीतला वेग दाखवणारा काटा आहे. माझ्यासारख्या बारक्या वस्तूने आपली गोष्ट सांगावी की नाही, यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. तुमचा वेळ वाया गेला तर माफ करा.

कारखान्यात मला एका गोल तबकडीवर बसवलं. गाडीच्या पोटातून एक तार माझ्यापर्यंत येते. चाकं फिरली की ती फिरते, आणि ती जितक्या जोरात फिरेल तितका मी वर सरकतो. एवढीच माझी विद्या.

गाडी काचेच्या दुकानाची होती आणि काका ती चालवत. मागे लाकडी घोडीला टेकवून आरसे नि खिडक्यांच्या काचा बांधलेल्या असत. काचेला चाळीसच्या वर धीर नसतो, असं काका म्हणत आणि मला त्या रेघेपुढे कधी जाऊ देत नसत. बाजारातले लोक चेष्टा करत, यांना चाळिशी लागली ती लागलीच, साठी काही लागायची नाही. काका नुसते हसत आणि रुमालाने माझ्यावरची काच पुसत. अठरा वर्षांत मागच्या मालाला एक तडा गेला नाही.

मग टायर झिजले. काकांचा मेहुणा त्याच दुकानात काच कापायचा. हात असा की काचेलाही कळू नये. नवी चाकं घ्यायला तोही आला. टायरवाल्याने सांगितलं, दारामागे कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिच्यावरचंच माप घ्या.

"चिठ्ठी वाचून घ्यायला हे काय खोकल्याचं औषध आहे?" मेहुणा म्हणाला. त्याला मोठी, रुबाबदार चाकं हवी होती.

काकांना त्याचं मन मोडवेना. "घाला कुठलंही," ते म्हणाले. "माझा काटा आहे ना."

ते ऐकून मी फुशारलो होतो, मित्रांनो. आता ते वाक्य आठवलं की थरथरतो.

आठव्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर दोर सरकला. ते वळण काकांनी हजारदा घेतलं असेल. मी चाळीसवर होतो, अगदी रेघेवर. मागे बसलेल्या मेहुण्याने कलंडणारा आरसा धरायला उजवा हात पुढे केला. केबिनची मागची खिडकी फुटली आणि आरशाचा एक तुकडा माझ्यासमोरच्या फटीत येऊन अडकला.

मेहुण्याची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. काच कापणं संपलं. भाऊजींनी गाडी पळवली, असं तो सांगू लागला. काका म्हणत, काटा चाळीसवर होता. लोकांनी त्याच्या हाताकडे पाहिलं आणि त्याचंच खरं धरलं. काकू एकाची बहीण, एकाची बायको. गाडीत बसल्या की दर वेळी विचारत, त्या दिवशी किती जोरात होतात, आणि काका तेच उत्तर देत. पुढेपुढे ते निघण्यापूर्वी दोनदा चष्मा पुसू लागले. माझ्याकडे असे बघत, जणू मी कोणी अनोळखी आहे. दुपारी फटीतल्या तुकड्यावर ऊन पडे आणि उजेडाचा एक ठिपका माझ्या आकड्यांवरून हळूहळू फिरे. तो चाळीसवर आला की मलाच शंका येई. खरंच होतो का मी तिथे?

वळताना मोठी चाकं पत्र्याला घासू लागली, म्हणून काका एकटेच टायरवाल्याकडे गेले. त्याने खडूने खूण करून जुन्या मापाचं चाक जमिनीवर एक फेरी फिरवलं. सात फूट. मग बसवलेल्या मापाचं फिरवलं. आठ फूट.

काका उघड्या दारात बसून बघत होते. "म्हणजे काटा चाळीस दाखवत होता तेव्हा?"

"पंचेचाळीसच्या पुढे, काका. काट्याला फेऱ्या कळतात. चाक केवढं, ते त्याला कोण सांगणार?"

काकांनी चिठ्ठीवरच्या मापाची चाकं बसवायला सांगितली. थोड्या वेळाने म्हणाले, मोठी चाकं कोणी निवडली, ते कुठे बोलू नका. त्याचा हात आधीच गेलाय.

परतताना त्यांनी काकूंना भावाच्या घरून घेतलं. वाटेत गाडी कडेला उभी केली.

"तुझ्या भावाचं खरं आहे. मी जोरात होतो."

काकू त्यांच्याकडे वळल्या. "मग इतके दिवस माझ्याशी खोटं बोलत होतात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शून्यावर होतो.

"हो," ते म्हणाले.

मित्रांनो, गाडीचं चाक निवडताना दारामागची चिठ्ठी वाचा. माप बदललंच, तर काटाही जुळवून घ्या. आम्हाला डोळे नसतात. आणि दोन माणसं एकमेकांच्या उलट शपथेवर सांगत असतील, तर त्यातला एक खोटारडा आहे, असं लगेच ठरवू नका. आधी चाक मोजा. त्या दिवशी गाडीत मला तोंड असतं, तर मी काकूंना एवढंच सांगितलं असतं.